पहिली पत्रिका आणि चार बेटं

अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर हिरवं हेल्मेट आणि काखेत लग्नाच्या पत्रिकेची पिशवी, अशा थाटात इश्वर बोटीत बसला. पंचावन्न वर्षांचा धानाचा शेतकरी, पायात चामडी चप्पल, गळ्यातला दुपट्टा जाकिटातून अर्धा बाहेर लोंबतोय. त्याची थोरली पोरगी उर्वशी शेजारी बसली होती. ती हसत नव्हती, पण ओठ इतके घट्ट आवळून धरले होते की न हसून उपयोग काय!

"हास, हास," इश्वर म्हणाला. "मी का हौसेनं आलो का इथं?"

हौसेनं आला नव्हता हे खरं. ही सहल शहरातल्या लोकांसाठी. बावनथडीच्या धरणात जुन्या टेकड्यांची डोकी तेवढी पाण्याबाहेर राहिली आहेत, तीच आता बेटं झाली. सहल अशी, की बोटीनं बेटावर जायचं, बोटीतली सायकल उतरवायची, झाडीतून पाडलेल्या वाटेनं ती हाणत बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघायचं. तोवर बोट वळसा घालून तिथं येऊन थांबलेली असते. सायकल चढवायची, आपण चढायचं, की चाललं पुढचं बेट. अशी चार बेटं, एका दिवसात. लोक त्यासाठी नागपूरहून येतात आणि वर खूश होऊन जातात. इश्वरला हे काही केल्या उमगत नव्हतं. ज्या टेकडीवर आपण उघड्या डोक्यानं ढोरं चारली, तिथं जायला आता हेल्मेट लागतं?

पण जायचं तर हाच एक मार्ग होता. मासे धरणारे ढिवर लोक आपल्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, परका माणूस बसवत नाहीत, त्यांना तशी ताकीद आहे. सहलवाले एकट्या माणसाला घेत नाहीत, जोडी लागते. बायको चंद्रभागाबाई पाण्याचा तांब्या उलटा झाला तरी दचकणारी. धाकटी डिंपल तर नवरी, तिला कोण पाठवणार? राहिली उर्वशी. ती "येतो" म्हणाली, एवढंच. का येते, मनात काय आहे, ते तिनं सांगितलं नाही आणि इश्वरनं विचारलं नाही. त्या घरात पोरींना विचारायची तशी पद्धतच नव्हती.

आता काम काय होतं ते सांगतो. इश्वरचं गाव मोहटोला. ते धरणात गेलं, माणसं उठून नाकाडोंगरीकडच्या वसाहतीत आली, पण गावची माता माय टेकडीवर होती, ती टेकडीवरच राहिली. वसाहतीत लोकांनी तिच्यासाठी सिमेंटचा नवा ओटा बांधला, शेंदूर फासला, नारळ फोडला. चंद्रभागाबाईचा त्या ओट्यावर काडीचा विश्वास नव्हता. मोहटोल्याची रीत अशी, की घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका माता मायला. पत्रिकेवर हळदीचे तांदूळ ठेवायचे, नारळ ठेवायचा आणि तोंडानं बोलावणं करायचं. ते झाल्याशिवाय दुसरी पत्रिका उंबरठा ओलांडत नाही, मग ती सख्ख्या मामाची का असेना.

उर्वशीच्या लग्नाच्या वेळी धरण तुडुंब होतं आणि बोट-बीट काही नव्हती. नाइलाजानं पत्रिका सिमेंटच्या ओट्यावर ठेवली. दोन वर्षांत उर्वशी पेटी घेऊन परत आली. नवरा प्यायचा, हात उचलायचा. लोकांनी पंचवीस कारणं काढली, पण चंद्रभागाबाईनं एकाच वाक्यात निकाल लावला, "मायले बोलावलं नाही, माय कोपली." डिंपलच्या वेळी तिला तसूभर चूक नको होती. पत्रिकांचा गठ्ठा देवाजवळ ठेवलेला, त्यातली वरची एक इश्वरच्या काखेत. आज ती मायच्या पायाशी गेली तर डिंपलचं भलं, नाही तर डिंपलचीही उर्वशी. असं ते गणित होतं.

"चुकसाल नाही ना जी?" निघताना चंद्रभागाबाईनं विचारलं होतं.

"चुकतो? मी?" इश्वरनं छाती फुगवली होती. "अर्धं आयुष्य गेलं त्या गावात. डोळे बांधून सोड मले, मायच्या पुढ्यात जाऊन उभा राहीन."

हे तो वसाहतीतल्या दहा माणसांसमोर म्हणाला होता. गडी मनानं चांगला, पण तोंडाला झाकण नाही.

बोट सुटली. बोटीवर अमर नावाचा तुमसरचा पोरगा होता, तोच बोट चालवायचा, तोच सायकली उतरवायचा आणि तोच माहिती सांगायचा. बोटीत अजून एक नागपूरचं जोडपं होतं, अंजू आणि मनिष. दोघांचे गॉगल सारखे, बूट सारखे, पाण्याच्या बाटल्याही सारख्या.

"अमर बेटा," इश्वर म्हणाला, "मोहटोल्याची टेकडी कोणती? पह्यले तिथंच ने."

"मोहटोला?" अमरनं डोकं खाजवलं. "ते नाही माहीत काका. आपल्याकडं मोर बेट आहे, चांदणी बेट आहे, सेल्फी बेट आहे अन् सनसेट बेट आहे. याच लायनीत जातो आपण. उलटं नाही जात."

"सेल्फी बेट?" इश्वरनं उर्वशीकडे बघितलं. "हे कोणत्या गावचं नाव होय?"

"बाबा, तुम्ही ओळखाल ना," उर्वशी म्हणाली. "डोळे बांधून."

इश्वरनं तिकडे दुर्लक्ष केलं आणि समोर नजर लावली. समोर पाणी, डावीकडे पाणी, पाण्यात हिरव्या-करड्या टेकड्या. त्याच्या डोक्यात गाव अगदी लख्ख होतं. शाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला बोडीचं तळं, बोडीच्या मागं टेकडी, टेकडीवर माय. इतकं सोपं. पण शाळा कुठं आहे? शाळा नाही तर तोंड कोणीकडे करायचं? आणि तोंडच ठरत नाही तर डावा हात कोणता? त्यानं आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग टेकड्यांकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे. हात सापडला, टेकडी काही सापडली नाही.

"हेच!" पहिलं बेट जवळ येताच तो ओरडला. "हेच आपलं. पाह्य तो उतार, तिथून मी गाडी उतरवत होतो."

मोर बेटावर उतरले. अमरनं सायकली काढून दिल्या. सायकल चालवण्यात इश्वरचा हात कोणी धरला नसता, उभ्या जन्मात तेच केलं होतं. पण ही सायकल भलतीच. हँडलला खटके, खटका दाबला की साखळी खडखड करून दुसऱ्या चाकीवर जाते, आणि पाय एकदम हवेत मारल्यासारखा फिरतो. चढावर त्यानं खटका दाबला तर पाय आणखी जड झाले, उतारावर दाबला तर हलके. म्हणजे सगळं उलटंच. "या सायकलीले अक्कल आहे का नाही?" तो घामाघूम होऊन म्हणाला. उर्वशी पुढं गेली होती. आठवीत शाळेकडून मिळालेल्या सायकलीवर ती रोज नाकाडोंगरीच्या शाळेत जायची, तिचे पाय अजून तसेच फिरत होते.

मोर बेटावर माय नव्हती. मोरही नव्हता. प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या.

"मी म्हटलंच होतं, हे नसंल," इश्वर म्हणाला.

"कधी म्हटलं?"

"मनात."

खरा घोळ पुढं होता. बोट दुसऱ्या टोकाला उभी होती आणि तिथून बघितलं तर सगळं चित्रच फिरलेलं. मघाशी मागं असलेली टेकडी आता पुढं, पुढची कुठं गेली पत्ता नाही, आणि सूर्य अगदी डोक्यावर, त्याचाही आधार नाही. इश्वर जिकडे बघेल तिकडे त्याला मोहटोला दिसायला लागला. या टेकडीचा माथा आपल्यासारखा, त्या टेकडीवरचं झाड आपल्यासारखं. मनिषनं विचारलं, "काका, तुम्ही इथलेच ना? गाव नेमकं कुठं होतं?" इश्वरनं ऐटीत हात वर केला. वर केलेला हात कुठं न्यायचा ते त्याला कळेना. तो तसाच हवेत फिरला आणि शेवटी त्यानं त्याच हातानं हेल्मेट सारखं केलं.

"इथंच, असं... सारंच," तो म्हणाला.

उर्वशीला वाईट वाटलं असावं. तिनं थरमासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही टेकडी खालून पाहात होते," ती हळूच म्हणाली. "आता आपण वरून पाहून राहिलो. ओळखू येणार नाही."

"मले येते," इश्वर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. जिथं आपला जन्म गेला तिथं आपण पावण्यासारखे आलोत, आणि नागपूरचा माणूस पत्ता विचारतो तर सांगता येत नाही. त्याला लाज वाटत होती. लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

चांदणी बेटावर तर त्यानं कमाल केली. एका वारुळाला माय समजून चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले. उर्वशीनं खांद्याला हात लावून "बाबा, मुंग्या" म्हटलं तेव्हा कुठं डोळे उघडले. काखेतली पिशवी त्यानं आता दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. दोन बेटं गेली, दोन उरली. आणि नाहीच सापडली तर? चंद्रभागाबाईला काय सांगायचं? डिंपलचं काय?

तिसरं, सेल्फी बेट. चढ चढून वर आले आणि इश्वरनं ब्रेक असा दाबला की मागून येणारा मनिष झुडपात गेला.

मोहाचं मोठं झाड. झाडाखाली दगडांचा ओटा. ओट्यावर ताजा शेंदूर लावलेला दगड, बाजूला गंजलेला त्रिशूल.

"माय!" इश्वरनं सायकल तशीच टाकली. चाक फिरतच राहिलं. "मोहाचं झाड! मोहटोल्याची माय वो! उर्वशी, पाह्य, मी म्हटलं होतं ना?"

आणि तो चक्क रडला. एवढा मोठा माणूस, डोक्यावर हेल्मेट, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानं दुपट्ट्यानं ओटा पुसला, पत्रिका ठेवली, हळदीचे तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. "माय, डिंपलचं लगन आहे. सगळ्यांच्या आधी तुले बोलावतो. तू ये, अन् पोरीले सांभाळ." डोकं टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. अंजूनं फोटो काढले. तिनंही हात जोडले, मनिषनंही जोडले. उर्वशी मात्र झाडाच्या बुंध्याशी उभी राहून नुसती बघत होती.

"तू पाया पड ना," इश्वर म्हणाला.

"पडतो मंग," ती म्हणाली आणि सायकल उचलायला गेली.

त्यानंतर इश्वरचा नूरच पालटला. बोटीत त्यानं मनिषला गावाच्या कहाण्या सांगायला सुरुवात केली. शेजारचं आंबेझरी गाव किती आडमुठं, दिवाळीनंतर आपल्या मंडईच्या जत्रेदिवशीच ते मुद्दाम आपली मंडई ठेवायचे, आणि एका साली तर आपण सांगून ठेवलेली दंडारीची नाचगाण्याची पार्टी अर्ध्या वाटेतून पळवून नेली. "तवापासून आम्ही त्यांच्या घरचं पाणी नाही पेत," तो म्हणाला. आंबेझरीही धरणातच गेलं होतं, पण त्यामुळं भांडणाला काही बाधा आली नव्हती. अमर हसून हसून बेजार. जेवणाचा डबा इश्वरनं एकट्यानं दीड खाल्ला.

चौथ्या बेटावर तो केवळ पाय मोकळे करायला उतरला. काम झालं होतं, आता सहलच करायची होती. खटक्याची सायकलही त्याला आवडायला लागली होती. अर्ध्या वाटेत त्यानं ती झाडाला टेकवली आणि "तू हो पुढं" असं उर्वशीला सांगून आडोशाला गेला. उंच गवतातून थोडं वर चढायला लागला, आणि धाड! उजव्या पायाचा अंगठा दगडावर असा बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तोंडातून एक खास शिवी गेली.

शिवी ऐकून तो स्वतःच दचकला. ही शिवी त्यानं कितीतरी वर्षांत दिली नव्हती. ही शिवी एकाच जागी तोंडात यायची.

तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागला. मायकडे जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या. लग्नाआधी त्यानं आणि गावच्या पोरांनी छिन्नी-हातोड्यानं खोदलेल्या. तिसरी जरा उंच झाली होती, इश्वरच्याच हातानं, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक माणसाचा अंगठा तिच्यावर फुटायचा आणि प्रत्येक माणूस इश्वरच्या नावानं तीच शिवी घालायचा.

तो चार पायांवर चढल्यासारखा वर गेला. वर पळसाखाली एक मोठा दगड आणि त्याला बिलगून तीन बारके. मोह इथं कधी नव्हताच, तो फक्त गावाच्या नावात. शेंदराचा नुसता डाग उरलेला. सगळीकडे गवत. कोणी आलेलं नव्हतं, बोटीवाले नाही आणि मोहटोलावालेही नाही.

आपलं काय झालं ते इश्वरच्या डोक्यात हळूहळू शिरलं. मग मघाचा शेंदूर इतका ताजा कसा होता? कोणी लावला होता? पाणी उतरलं की आंबेझरीची माणसं पलीकडच्या काठानं आपल्या मायच्या पाया पडायला येतात, असं कुणीसं म्हटलं होतं, आणि तो त्यावर हसला होता. म्हणजे ते मोहाचं झाड आंबेझरीचं. तो ओटा आंबेझरीचा. आणि ती माय...

"उर्वशी!" त्याची किंकाळी ऐकून बेटावरचे बगळे उडाले.

ती धावत आली. त्यानं तिला सांगितलं खरं, पण आधी पायऱ्या, मग शिवी, मग दंडार, मग शेंदूर, असं कुठलंही कुठंही. ती ऐकत राहिली. शेवटी तिला कळलं.

"म्हणजे आपण आंबेझरीच्या मायले बोलावून आलो?"

"कपाळ माझं!" इश्वर मटकन खाली बसला. "ज्यांच्या घरचं पाणी पेत नाही, त्यांच्या मायले पह्यली पत्रिका! चाल, परत चाल. अमरले सांग, बोट फिरव म्हणा."

"तो उलटा नाही जात, त्यानं सकाळीच सांगतलं. अन् तिथं आता दुसरी पार्टी उतरली असंल. अन् बाबा, मायले दिलेली पत्रिका तुम्ही उचलून आणसाल का?"

नाही. दिलेलं परत घेता येत नाही, मग देव परका का असेना. हे इश्वरला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आणि दुसरी पत्रिका जवळ नाही. तांदूळ नाहीत, नारळ नाही. आपली माय समोर, आणि आपण तिच्यापुढं रिकामे. वर दुसऱ्या गावच्या मायला जेवायला बोलावून आलेले. हिनं बघितलं असेल का? इथून ते बेट दिसतं का?

"कोपंल," तो पुटपुटला. "आता तर दुप्पट कोपंल. डिंपलचं वाटोळं झालं माझ्या हातानं."

उर्वशी त्याच्याकडे बघत होती. मग तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, बाजूला ठेवलं, आणि त्या मोठ्या दगडासमोर मांडी घालून बसली.

"पत्रिका नाही तर तोंडानं बोलावतो मी," ती म्हणाली. "माय, मी उर्वशी. इश्वरची थोरली. डिंपलचं लगन काढलं आहे घरच्यांनी." पुढचं बोलताना तिचा आवाज वेगळाच होता. "माझ्या लग्नात तुले बोलावणं पोचलं नाही, म्हणून तू कोपली, म्हणतेत सारे. मी कधी काही म्हटलं नाही. पण आज समोर आहेस तर विचारतो. तू कोपली म्हणून तो पेत होता का? तो तर लग्नाच्या आधीपासून पेत होता. त्याच्या गावात कोणालेही विचारलं असतं तर सांगतलं असतं. मले एकदा विचारलं असतं तरी सांगतलं असतं, की मले हा माणूस बरा नाही वाटून राहिला. मले कोणी विचारलंच नाही. मंग मार बसला तवा मी फोन केला. बाबा म्हणाले, 'सांभाळून घे.' पुन्हा केला, पुन्हा म्हणाले, 'सांभाळून घे, पोरी.' याच्यात तू कुठं होती माय? तुझं नाव काहून घेतेत?"

आपण 'सांभाळून घे' म्हटलं होतं हे इश्वरला आठवत होतं. हे वाक्य त्यानं प्रेमानं म्हटलं होतं, अशी त्याची समजूत होती. पोरगी इतकी वर्षं घरात वावरली, चहा दिला, भात वाढला, कधी चकार शब्द काढला नाही. आणि आज ती दगडाला सांगत होती, बापाला नाही. आपण गाव विसरलो की पोरगी, काय आधी विसरलो, त्याला समजेना.

"आता बोलावतो," उर्वशी डोळे पुसून म्हणाली. "माय, डिंपलच्या लग्नाले—"

"थांब," इश्वर म्हणाला.

"काहून?"

"थांब म्हणतो ना. अजून नको बोलावू."

त्यानं जाकिटाच्या आत हात घालून मोबाइल काढला. दोन काड्यांचा टॉवर होता. घरचा फोन डिंपलनं उचलला.

"बाबा? झालं का? आई सकाळपासून विचारून राहिली."

"आई कुठं आहे?"

"अंगणात, तांदूळ पाखडून राहिली. देऊ का?"

"नको, नको. तूच सांग." इश्वरनं घसा साफ केला. असला प्रश्न त्यानं आयुष्यात कुणाला विचारला नव्हता, कसा विचारतात तेही ठाऊक नव्हतं. "तुले... तो पोरगा पसंत आहे का?"

तिकडून तांदूळ पाखडल्याचा आवाज लांबून येत होता.

"आता काहून विचारून राहिले बाबा?"

"आधी विचारायचं राहून गेलं, म्हणून."

"तो म्हणते, नर्सिंगचं शेवटचं वर्ष करू नको," डिंपल अगदी हळू बोलत होती. "लगन झाल्यावर नोकरी-बिकरी नाही म्हणते. माझा मोबाइलही त्याच्याजवळच राहीन म्हणते. मी आईले सांगतलं होतं. आई म्हणाली, एकदा मायले पत्रिका गेली की सारं बरोबर होते. बाबा, आता थांबवता येते का?"

इश्वरला बोलायचं होतं, तेवढ्यात तिकडे खडबड झाली आणि फोनवर चंद्रभागाबाईचा आवाज आला. "कोण? तुम्ही होय? सापडली का जी माय? देली का पत्रिका?"

माय समोर होती. हातभर अंतरावर. इश्वर तिच्याकडे बघत होता, उर्वशी इश्वरकडे बघत होती.

"नाही," इश्वर म्हणाला.

"काय नाही?"

"मले गावच नाही सापडलं. साऱ्या टेकड्या सारख्याच. चारही बेटं फिरलो, काही ओळखू आलं नाही. नाही देली पत्रिका."

"अवो बापा!" चंद्रभागाबाई कळवळली. "साऱ्या वसाहतीले सांगून गेले होते तुम्ही! लोक विचारतीन तर काय सांगू मी? अन् बाकीच्या पत्रिका?"

"गठ्ठ्याले हात लावू नको. एकही घराबाहेर गेली नाही पाहिजे. अन् लोकाइले सांग, इश्वरले आपलं गाव ओळखता आलं नाही. हासतीन तर हासू दे."

त्यानं फोन ठेवला. उर्वशीनं खाली वाकून त्याच्या फुटलेल्या अंगठ्यावर आपला रुमाल बांधला. खालून अमरनं शिटी मारली, बोट लागली होती.

इश्वर उठला, पण गेला नाही. हेल्मेट काढून त्यानं दगडाला हात जोडले.

"ऐकलंस तू, खोटं बोललो तुझ्यापुढं," तो म्हणाला. "कोपायचं तर माझ्यावर कोप माय, पोरीवर नको."